शंका-समाधान: जॉर्ज स्ट्रीटवरचे रेव्हरंड चामर्स

मागच्या अंकात स्कॉटलंडमधल्या एडिंबऱ्याच्या जॉर्ज स्ट्रीटवरच्या रेव्हरंड थॉमस चामर्स यांच्या ब्राँझच्या पुतळ्याचं छायाचित्र छापलं होतं. त्यावर वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न आणि धातुशिल्पांच्या जतनाचं काम करणाऱ्या जाणकारांनी दिलेली उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : हे चामर्स कोण? ना राजा, ना सेनापती. एका पाद्र्याचा पुतळा भर चौकात का? आमच्या हिस्लॉप कॉलेजशी त्यांचा लांबून संबंध आहे असं ऐकलं. खरं आहे का? (एक वाचक, नागपूर)

संबंध आहे, पण तो एका फुटीतून आलेला आहे.

चामर्स (१७८०–१८४७) मूळचे फाइफ परगण्यातल्या अँस्ट्रुदर या बंदरगावचे. ग्लासगोत सेंट जॉन्स या चर्चचे पाद्री असताना त्यांनी सुमारे दहा हजार वस्तीच्या आपल्या हद्दीचे २५ भाग पाडले. प्रत्येक भागावर एक माणूस नेमला. त्याने घरोघर जाऊन गरजू कोण ते पाहायचं आणि मदत शक्यतो वस्तीतूनच उभी करायची. गरिबांच्या मदतीचा वर्षाचा खर्च १४०० पौंडांवरून २८० पौंडांवर आला. या पद्धतीवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते, पण वस्तीत जाऊन माणसं मोजणारा पाद्री म्हणून त्यांचं नाव झालं. पुढे ते एडिंबरा विद्यापीठात धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले.

पुतळा या रस्त्यावर का, त्याचं उत्तर १८ मे १८४३ या तारखेत आहे. चर्चचा पाद्री कोण असावा हे जमीनदाराने ठरवायचं की मंडळीने, हा वाद दहा वर्षं धुमसत होता. त्या दिवशी याच जॉर्ज स्ट्रीटवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधली चर्च ऑफ स्कॉटलंडची सभा सोडून शंभराहून अधिक पाद्री रांगेने बाहेर पडले आणि चालत कॅननमिल्सच्या टॅनफील्ड हॉलमध्ये गेले. तिथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड स्थापन झालं आणि पहिले मॉडरेटर (सभेचे अध्यक्ष) झाले चामर्स. वेगळं होण्याच्या कागदावर ४७४ पाद्र्यांनी सह्या केल्या. सही म्हणजे पगार, राहतं घर आणि चर्चची इमारत यांवर पाणी सोडणं. निघून गेलेल्यांच्या पुढाऱ्याचा पुतळा त्याच रस्त्यावर, कॅसल स्ट्रीटच्या चौकात, १८७८ मध्ये उभा राहिला.

फुटीची बातमी हिंदुस्थानात पोचल्यावर मुंबईतले जॉन विल्सन आणि कलकत्त्यातले अलेक्झांडर डफ फ्री चर्चकडे गेले. डफ तर सेंट अँड्र्यूज विद्यापीठात चामर्सांचे विद्यार्थीच होते. विल्सन कॉलेजचं मूळ असलेली शाळा १८३२ची, म्हणजे फुटीच्या आधीची. स्टीफन हिस्लॉप मात्र फुटीनंतर फ्री चर्चनेच पाठवलेले मिशनरी. ते १८४५ मध्ये नागपूरला आले.

प्रश्न : प्रेस्बिटेरियन पंथ मूर्ती मानत नाही. मग त्यांच्याच पाद्र्याचा पुतळा कसा चालतो? (एक वाचक, वसई)

त्यांचा आक्षेप उपासनेतल्या प्रतिमेला आहे. रस्त्यावरचं स्मारक ही नागरी गोष्ट. तिच्यापुढे प्रार्थना होत नाही, म्हणून पंथाच्या नियमात ती बसते. तरीही हा बदल सहज झालेला नाही. १५५८ मध्ये एडिंबऱ्याच्या सेंट जाइल्स चर्चमधली संताची लाकडी मूर्ती सुधारणावाद्यांनी पळवून किल्ल्याखालच्या तळ्यात बुडवली आणि मग जाळली. त्याच चर्चसाठी १९०६ मध्ये पिटेंड्री मॅकगिलिव्हरे यांनी स्कॉटलंडच्या धर्मसुधारणेचा पुढारी जॉन नॉक्सचा ब्राँझचा पुतळा केला. त्याआधी १८९६ मध्ये जॉन हचिसन यांचा नॉक्स न्यू कॉलेजच्या चौकात उभा राहिलेला होता. खुद्द नॉक्सच्या थडग्यावर मात्र पुतळा नाही. परंपरेने जी जागा दाखवतात ती सेंट जाइल्सच्या मागे, गाड्या लावायच्या फरसबंदीत आहे.

प्रश्न : मी शिल्पकला शिकतो. पाद्र्याच्या पुतळ्यात झगा इतका पायघोळ का दाखवतात? करताना काय सांभाळायचं? (एक विद्यार्थी, पुणे)

तो त्यांचा खरा पोशाख आहे: काळा, रुंद बाह्यांचा जिनिव्हा गाउन आणि गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या. क्रूस, काठी, मुकुट यांतलं काही नाही. ओळख पटवायला शिल्पकाराकडे चेहरा, हात आणि पुस्तक एवढंच उरतं. म्हणून झग्यावर सगळी भिस्त असते.

तांत्रिक फायदाही मोठा. दगडाच्या पुतळ्यात घोटे ही सर्वांत कमजोर जागा. पँट-कोटातला माणूस संगमरवरात करायचा तर पायामागे झाडाचं खोड नाहीतर पुस्तकांचा ढीग ठेवावा लागतो. झगा जमिनीपर्यंत आला की आधार आपोआप मिळतो. ब्राँझला अशा आधाराची गरज नाही, कारण तो पोकळ असतो आणि खालून बोल्टने धरलेला असतो. ब्राँझमध्ये झगा वेगळा त्रास देतो, तो म्हणजे पाणी.

आधी झग्याशिवाय अंग पूर्ण करा. खांदा, कोपर, गुडघा नक्की झाल्याशिवाय त्यावर कापड चढवू नका, नाहीतर घड्या हवेत लोंबतात आणि आत माणूस नाही हे लगेच कळतं. मग प्रत्येक घडीवर पाण्याचा मग ओतून पाहा. पाणी जिथे थांबेल तिथे उतार द्या. रुंद बाहीच्या आत, कोपराच्या खळग्यात आणि उघड्या पुस्तकाच्या मधल्या शिरेत पाणी हमखास साठतं. उतार देता येत नसेल तर ब्राँझ ओतल्यावर तिथे खालच्या बाजूने ८ ते १० मिलिमीटरचं भोक पाडा. त्याहून लहान भोक पानाच्या देठाने किंवा कोळ्याच्या जाळ्याने बुजतं. चामर्सांच्या हातात उघडं बायबल आहे. असं आडवं पान म्हणजे पावसाचं पाणी, काजळी आणि कबुतरांची विष्ठा यांना आयतं ताट.

आणखी एक गोष्ट. पुतळा चौथऱ्यावर चढला की खालून बघणाऱ्याला हनुवटी मोठी आणि कपाळ लहान दिसतं. मातीकाम चालू असतानाच पुतळा उंचीवर ठेवून, खरोखरच्या अंतरावरून पाहा आणि मान जरा पुढे झुकवा. हा बदल प्लास्टरवर करायला गेलात तर कॉलर आणि पट्ट्या दोन्ही बिघडतात.

प्रश्न : आमचं ओतकामाचंच काम आहे. असा पुतळा त्या काळी वाळूत ओतत की मेणाच्या पद्धतीने? वजन किती भरत असेल? (एक वाचक, कोल्हापूर)

हा पुतळा सर जॉन स्टील (१८०४–१८९१) यांचा. वेलिंग्टनच्या घोडेस्वार पुतळ्यासाठी (१८५२) त्यांनी एडिंबऱ्यात ग्रोव्ह स्ट्रीटला स्वतःची फाउंड्री उभी केली होती. स्कॉटलंडमध्ये कलाकृतींचं ब्राँझ ओतायची ती पहिलीच सोय. त्या काळात ब्रिटनमधली मोठी कामं बहुतांशी वाळूत, तुकड्यातुकड्यांनी होत.

क्रम असा. लोखंडी सांगाड्यावर माती, मातीवरून प्लास्टरचा साचा, साच्यातून प्लास्टरचा पूर्ण पुतळा. ब्राँझ थंड होताना लांबीत साधारण दीड ते दोन टक्के आकसतो, म्हणजे ३ मीटरच्या प्लास्टरमागे साडेचार ते ६ सेंटिमीटर जातात. हे धरूनच प्लास्टर मोठं करायचं. मग प्लास्टर कापायचं: डोकं, हात, पुस्तक, झग्याचे वरचे-खालचे भाग. प्रत्येक तुकड्याभोवती चिकणमाती असलेली बारीक वाळू ठोकून साचा घ्यायचा. झग्याच्या घडीत वाळू अडकते, म्हणून तिथे साच्याचेच छोटे सुटे भाग करावे लागतात आणि एका बाहीलाच असे कितीतरी भाग होतात. आतल्या कोअरचा (वाळूच्या गाभ्याचा) ६ ते ८ मिलिमीटर थर तासून काढायचा. तेवढीच धातूची जाडी. साचा-कोअर भट्टीत पूर्ण वाळवायचे. ओल राहिली तर वाफेने धातू उसळतो आणि पृष्ठभागावर छिद्रं पडतात. मिश्रधातूत तांबं ८५ ते ९० टक्के, बाकी कथील, जस्त आणि थोडं शिसं. ओतायचं तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सियस. झग्याचा मोठा सपाट भाग पातळ असेल तर वरच्या बाजूचं तापमान ठेवा, नाहीतर धातू मध्येच गोठून दोन प्रवाहांची शिवण दिसते.

वजनाचा अंदाज कुठल्याही पुतळ्यासाठी काढता येतो. झगा घातलेल्या ३ मीटर उंचीच्या माणसाचं बाहेरचं क्षेत्रफळ ९ चौरस मीटर धरा. जाडी ७ मिलिमीटर, घनता घनमीटरला ८८०० किलो. ९ × ०.००७ × ८८०० म्हणजे सुमारे ५५० किलो. जोडांच्या पट्ट्या आणि पायाखालची पट्टी धरून ६५० किलोपर्यंत जातं. ओतताना रनर-रायझरसाठी (धातू आत नेणाऱ्या आणि वर चढू देणाऱ्या वाटांसाठी) याच्या निम्मा धातू तरी जास्तीचा हवा.

खरी गडबड पुढे, काही दशकांनी उघडी पडते. कोअर जागेवर धरायला घातलेल्या लोखंडी खिळ्यांचे तुकडे किंवा आतला सांगाडा काढायचा राहिला तर पाणी शिरल्यावर तांब्याच्या संगतीत लोखंड झपाट्याने गंजतं. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो आणि ब्राँझ आतून फुटतो. बाहेर तांबूस ओघळ दिसला की तिथे लोखंड आहे असं समजा. आज करणार असाल तर खिळे काढून त्या जागी त्याच ब्राँझची बुचं बसवा आणि आधार लागलाच तर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा द्या.

प्रश्न : छायाचित्रात खांदे हिरवट आणि बाहीखालचा भाग काळा दिसतो. मूळ रंग कोणता? हिरवं निघावं म्हणून तांब्या-पितळेसारखं चिंच-मिठाने घासलं तर? (एक वाचक, सातारा)

दोन्ही रंग मूळचे नाहीत. फाउंड्रीतून बाहेर पडतात तेव्हा असे पुतळे बहुधा तपकिरी असतात. पुढचं काम हवेने केलं. एडिंबरा कोळशाच्या धुराचं शहर होतं. धुरातला सल्फर डायऑक्साइड, पाऊस आणि तांबं यांतून हिरवी गंधकयुक्त संयुगं तयार होतात. जिथे पाऊस थेट पडतो तिथे, म्हणजे डोकं, खांदे आणि पुस्तकाचं पान, सैल कण धुऊन जातात आणि फिकट हिरवं उरतं. जिथे पाऊस पोचत नाही, म्हणजे हनुवटीखाली, बाहीच्या आत आणि खोल घडीत, काजळी साठून काळी खपली धरते. मधल्या हद्दीवर उभे ओघळ दिसतात. बेलफास्टमध्ये रेव्हरंड हेन्री कुक यांचा १८७६चा ब्राँझचा पुतळाही असाच हिरवा पडलेला आहे.

हिरवं म्हणजे धातू गेला, हे खरं. शहरी हवेत तांब्याचा थर वर्षाला साधारण एक-दोन मायक्रॉन झिजतो. दीडशे वर्षांत तो दीड ते तीन दशांश मिलिमीटर भरतो. झग्याला त्याने काही फरक पडत नाही, पण पापणीची कड, ओठांच्या कोपऱ्यातली रेघ, केसांवरच्या हत्याराच्या खुणा तेवढ्याच जाडीच्या असतात. पण जे गेलं ते घासून परत येत नाही. घासलं तर त्याखालचा आणखी एक थर जातो आणि उघडा पडलेला धातू पुन्हा पहिल्यापासून झिजायला लागतो.

चिंच-मीठ तर अजिबात नको. चिंचेतलं आम्ल थर विरघळवतं, इथवर ठीक, पण मिठातला क्लोराइड ब्राँझच्या छिद्रांत शिरतो आणि तांब्याशी मिळून बसतो. पुढे दमट हवा लागली की त्यातूनच आम्ल सुटतं, ते नवं तांबं खातं, पुन्हा क्लोराइड मोकळा होतो आणि चक्र सुरू राहतं. यालाच ब्राँझचा रोग म्हणतात. घरातला तांब्या रोज धुतला जातो आणि त्याची भिंत सलग असते, म्हणून तिथे हे निभावतं. ओतीव पुतळ्याला छिद्रं असतात आणि आतली बाजू कोणी धूत नाही.

ओळखायचं असं. स्थिर हिरवा थर घट्ट असतो, नखाने निघत नाही. रोगाचा डाग फिकट पोपटी, पिठासारखा. ब्रशने झटकला तर खाली खड्डा दिसतो आणि काही दिवसांत पीठ पुन्हा येतं. असा डाग दिसला तर स्वतः काही लावू नका. जाणकार माणूस तो खरवडून, ३ टक्के बेंझोट्रायझोलच्या अल्कोहोलमधल्या द्रावणाने उपचार करतो. हे द्रव्य श्वासात आणि त्वचेवर जाऊ देऊ नये, म्हणून ते हौशी हातांचं काम नाही.

प्रश्न : मग परदेशात अशा पुतळ्यांची निगा कशी ठेवतात? आमच्या संस्थेच्या आवारात संस्थापकांचा ब्राँझचा पुतळा आहे. तीच पद्धत इथे चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

पद्धत तीच, वेळापत्रक आणि मेण मात्र बदलावं लागेल.

आधी पाहणी. पुतळ्याच्या तळाशी पाणी बाहेर पडायची भोकं शोधा आणि तारेने मोकळी करा. हे एक काम दरवर्षी झालं तरी निम्मं रक्षण झालं. थंड देशात आत साठलेलं पाणी गोठून फुगतं आणि जोड फाटतात. कोकणात गोठणार नाही, पण आत वर्षभर ओल राहील.

मग धुणं. नळाच्या पाण्यात क्षार असतील तर साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. एका लिटरला ५ मिलिलिटर नॉन-आयोनिक डिटर्जंट. कपड्याची पावडर नको, तीत सोडा असतो. नैसर्गिक केसांचा मऊ ब्रश, वरून खाली. तारेचा ब्रश आणि भांड्याची घासणी दोन्ही वर्ज्य. प्रेशर वॉशर जोडांतून पाणी आत ढकलतो, तोही नको. ३ मीटरच्या पुतळ्याला ६० ते ८० लिटर पाणी लागतं. साबण पूर्ण निघाला पाहिजे, कारण उरलेला साबण मेण धरू देत नाही.

पूर्ण वाळू द्या. किमान एक कोरडा दिवस जाऊ द्या. मग मेण. एडिंबऱ्यात काय किंवा रत्नागिरीत काय, मधमाश्यांचं मेण एकटं लावू नका. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि आपल्या उन्हात काळपट ब्राँझ तितका तापू शकतो. मेण मऊ पडून धूळ धरतं आणि पुतळा चिकट-मळकट होतो. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाची (पेट्रोलियमपासून केलेल्या मेणाची) पेस्ट घ्या, ती जास्त तापमान सोसते. थर जितका पातळ तितका चांगला. ३ मीटरच्या पुतळ्याला पाव किलो पेस्ट पुरते. त्याहून जास्त लागली तर थर जाड होतोय. सकाळी उन्हाने धातू कोमट झाला की ब्रशने घड्यांत, फडक्याने सपाट भागावर लावा, वीस-तीस मिनिटांनी सुती कापडाने घासून चकाकी आणा. दुसऱ्या दिवशी दुसरा हात द्या. पहिल्या हातात सुटलेली छिद्रं त्यात भरतात. काही ठिकाणी धातू टॉर्चने तापवून गरम मेण जिरवतात. ते टिकाऊ असतं, पण जोडात पाणी राहिलं असेल तर वाफ होऊन नुकसान होतं. अनुभवी माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

वेळ पाळा. पावसाआधी मेच्या मध्यात एकदा आणि पावसानंतर नोव्हेंबरात एकदा. समुद्राजवळ वर्षातून एकदा पुरत नाही. मेण टिकलंय का ते पाहायला पाण्याचे चार थेंब टाका. थेंब गोल उभा राहिला तर मेण आहे, पसरला तर गेलं.

कबुतरांची विष्ठा आठवड्याला साध्या पाण्याने काढावी. ती आम्लधर्मी असते आणि वाळल्यावर खरवडली की मेणही जातं. जयंतीला घातलेला हार दुसऱ्या दिवशी काढा आणि गुलाल, कुंकू थेट धातूवर नको.

प्रश्न : प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात रेव्हरंड जॉन विदरस्पून यांचा पुतळा आहे. तसाच स्कॉटलंडमध्येही आहे म्हणतात. मग मूळ कोणता? (एक वाचक, न्यू जर्सी)

दोन्ही. शिल्पकार अलेक्झांडर स्टॉडार्ट यांनी एकाच प्रतिमेवरून दोन ओतीव पुतळे केले. एक पेझली गावात आणि एक प्रिन्स्टनला, तिथे तो २००१ मध्ये बसला. विदरस्पून पेझलीचे पाद्री होते, तिथूनच १७६८ मध्ये ते प्रिन्स्टनचे अध्यक्ष म्हणून गेले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे ते एकमेव कार्यरत पाद्री. म्हणून त्यांचे पुतळे फिलाडेल्फियात (१८७६) आणि वॉशिंग्टनलाही (१९०९) आहेत. त्यांच्या शेतावर गुलाम होते, आणि त्यावरून २०२२ मध्ये प्रिन्स्टनचा पुतळा हटवण्याची मागणी झाली. पुतळ्याजवळच्या पाटीवर ही गोष्ट लिहिलेली असलीच पाहिजे, असं आमचं मत आहे.

ब्राँझचा साचा शाबूत असेल तोवर पुन्हा ओतता येतं आणि त्यात कमी-अस्सल असं काही नाही. फरक पडतो तो हवेने. पेझलीत पाऊस जास्त, न्यू जर्सीत उन्हाळा कडक आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचं पाणी उडतं ते चौथऱ्यावर आणि पायांवर. तिथे मेण तपासताना डोक्याआधी बुटांपासून सुरुवात करावी.

प्रश्न : चामर्सांपासून जवळच प्रिन्सेस स्ट्रीटवर आणखी एका पाद्र्याचा पांढरा पुतळा आहे. त्यालाही मेण लावतात का? (एक वाचक, मुंबई)

नाही. ते रेव्हरंड थॉमस गथ्री, रस्त्यावरच्या मुलांसाठी शाळा काढणारे. म्हणून त्यांच्याजवळ एक फाटक्या कपड्यांतलं मूल आहे. शिल्पकार एफ. डब्ल्यू. पॉमरॉय, वर्ष १९१०, दगड पोर्टलंडचा. हा चुनखडीचा दगड. पावसातलं आम्ल त्याला विरघळवतं, म्हणून पाऊस लागतो तिथे तो स्वच्छ पांढरा राहतो आणि आडोशाला काळी खपली धरते. पांढरा भाग चांगला दिसतो, पण झीज तिथेच होते. अशा दगडावर मेण किंवा पाणीरोधक रसायन चढवलं तर आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. नुसतं पाणी, तेही बारीक फवाऱ्याने आणि थोडं. सांध्यांत सिमेंट भरू नये, चुनाच भरावा, कारण सिमेंट दगडापेक्षा कडक असतं आणि ओल दगडाच्या कडांतून बाहेर पडायला लागते.

प्रश्न : ब्राँझच्या पुतळ्याखाली दगडावर हिरवे ओघळ आलेत. जातील का? (एक वाचक, सांगली)

दगडावर अवलंबून आहे. चामर्सांचा चौथरा लाल ग्रॅनाइटचा आहे. तो पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे डाग वरवर राहतो. वालुकाश्म किंवा संगमरवरात तो आत उतरतो. उपाय म्हणजे लेप. कागदाचा लगदा ईडीटीएच्या (धातूचे क्षार ओढून घेणाऱ्या रसायनाच्या) ५ टक्के द्रावणात भिजवून १ सेंटिमीटर जाड थापा, वर प्लास्टिक लावा, २४ तासांनी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या, मग उचला आणि पाण्याने धुवा. दोन-तीन वेळा करावं लागतं. संगमरवर किंवा चुनखडीवर द्रावणाचा सामू ८च्या वर ठेवा आणि वेळ निम्मा करा, कारण ईडीटीए दगडातलं कॅल्शियमही ओढतं. लेप ब्राँझला लागू देऊ नका. आधी पुतळ्याच्या तळपट्टीवर मेण चढवा आणि मगच दगडाला हात घाला, नाहीतर पुढच्या पावसात ओघळ पुन्हा तिथेच येतील.